छाट

विडी घरकुलात, आमच्या दीड खोलीत,
ब्राउझरमध्ये एक नाणं पाडलं मी.
टाकसाळ नाही, ठसा नाही, घण नाही.
उसना लॅपटॉप, ज्याचा एन दोनदा दाबावा लागतो,
आणि सोलापूरचा एप्रिल, पत्र्यातून थेट मानेवर.

अम्मा समोर. मांडीवर सूप,
भिजलेली पानं, कात्री, दोऱ्याची गुंडी.
वळताना ती हाताकडे बघत नाही.
मी टाइप करताना बघते.

आधी वॉलेट. त्याने बारा शब्द दिले,
म्हणालं, कुणाला दाखवू नकोस, हरवू नकोस.
मी ते अम्माच्या पासबुकाच्या मागे लिहिले,
ज्यात रोजच्या हजारातून कापलेल्या विड्यांचे आकडे आहेत,
मुरलीधर चेकरच्या हिरव्या शाईत.

मग गॅस. चाचणीच्या नेटवर्कवर तो फुकट मिळतो,
नळावर. नळच म्हणतात त्याला, खरंच.
चोवीस तासांत एक थेंब.
अम्मा म्हणाली, बरा आहे की,
आपला पाचव्या दिवशी येतो.

टोकनचं नाव? छाट.
दशांश किती? रिवाज अठराचा आहे.
मी शून्य भरलं.
अर्धी विडी कुणी वळत नाही.

एकूण किती पाडायचे?
इथे मात्र थांबले. कागद घेतला.
हजाराला पन्नास छाट. वर्षाचे तीनशे दिवस. वर्षं बावीस.
तीन लाख तीस हजार विड्या,
ज्या तोंड वाकडं, पोट सैल, पान काळं म्हणून
ब्रँचच्या कोपऱ्यातल्या टोपलीत गेल्या.
दुसऱ्या दिवशी टोपली रिकामी असायची.

नंतर वाढवायची सोय मुद्दामच ठेवली नाही.
मालक कुणी नाही. चेकर कुणी नाही.
कोडपुढे हिरवी खूण आली.
बटण नारिंगी. दाबलं.

बारा सेकंद.
अम्माची एक विडी होत आली तेवढ्यात.
मग एक लांबलचक पत्ता उमटला
आणि त्यात तिच्या नावावर
सगळ्या.

स्क्रीन तिच्याकडे फिरवली.
"ह्याचं काय येतं?"
काही नाही.
"मग छाटच," म्हणून हसली,
आणि तंबाखूचं बोट काचेवर टेकवून, उजवीकडून,
एकं, दहं, शतं करत
आकडा वाचला.
"पन्नास नव्हे गं. मुरलीधर होता तोवर सत्तर.
वहीत तो पन्नास लिहायचा."

अक्कलकोट रोडला मागावर चढलेला ताणा
दादा रात्रीतून सोडवू शकतो.
हे सुटत नाही.
जगातल्या कितीतरी मशीनांवर आता कायमचं लिहिलं गेलंय
तीन लाख तीस हजार,
मुरलीधरच्याच वहीवरून, माझ्या हाताने.

सूप पुन्हा हलायला लागलं.
"दुसरं कर मग," अम्मा म्हणाली.
उद्या करते. नळ आला की.
"कुठला?"