छत्तीस खण

मे महिन्यात मेडिकल चौकात
रात्री अकरालाही डांबर चपलेला धरून ठेवतं.
मायक्रोस्कोपच्या खोलीत तेवढे अठरा अंश,
म्हणून इथली पाळी सगळ्यांनाच हवी असते.
आज माझी.

काचपट्टीवर एक टी पेशी,
दुसऱ्या पेशीला नाक लावून उभी,
ओळख पटते न पटते अशा घडीला.
तिच्या अंगावरचे ग्राही मी हिरवे रंगवलेत.
ते सरकत सरकत एका जागी जमतात,
भांडण लागलं की पानठेल्यापाशी लोक जमतात तसे.
पुस्तकात एवढंच ठळक छापलंय:
बाहेर खूण पटली, आत निरोप गेला, पेशी उठली.

निरोप्याचं पुढं काय होतं, ते बारीक टाइपात.
त्याला आत ओढतात, इवल्याशा पिशवीत घालून.
तिथं पिशवीच्या पडद्यालाच रुतून बसलेला असतो
एक दुसराच ग्राही.
त्याला शत्रू ठाऊक नाही, ताप ठाऊक नाही.
आलेल्याच्या शेपटावरची चार अक्षरं तो चाचपतो
आणि ठरवतो,
हा परत वर,
हा जाळायला.

त्याला मी लाल दिलाय.

बाबा एकतीस वर्षं नागपूर आरएमएसला.
देवराव बोरकुटे, सॉर्टर.
चारी दिशांचे रूळ जिथं एकमेकांना कापतात
तिथून हाकेच्या अंतरावर त्यांचं लाकडी कपाट, छत्तीस खणांचं.
इटारसी. बल्लारशा. गोंदिया. बडनेरा.
मनगट हलायचं, पत्र खणात.
"वाचाचं नसते वं," म्हणायचे,
"वाचलं का हात थांबते."
शाळेत बाबांचं काम लिहायला सांगितलं
तेव्हा मी पोस्टमन लिहिलं होतं.
पोस्टमन निदान दारात येतो.

गेल्या आठवड्यात मी पेशीतला लाल काढून टाकला.
वाटलं होतं, पेशी मुकी होईल.
तीन वेळा करून पाहिलं,
तिन्ही वेळा ती ओरडतच राहिली.
'पुरे' म्हणणारा रेणू वर पोचलाच नाही,
खालीच जळत राहिला,
रोज नवा तयार होई, रोज भट्टीत जाई.
आणि वर कुणी पुरे म्हणेना.

बाबांच्या बोटांचे सांधे आता आल्याच्या कुड्यांसारखे.
डॉक्टर म्हणतात, स्वतःच्याच पेशी स्वतःच्या सांध्यांवर उठल्यात.
याचा आणि माझ्या लाल ठिपक्यांचा संबंध आहे
असं मी लिहू शकत नाही.
पेपरात तर नाहीच.
इथंही खोडते.

पहाटे अजनीला घरी गेले.
कूलरचा पंप घरघरत होता, पाणी संपलेलं.
बाबा जागेच. फोनवर फोटो दाखवला.
"कोन्तं गाव हे?"
पेशी आहे बाबा.
"हे हिरवं काय करून राह्यलं?"
जमतंय.
"अन् या दुसऱ्यात लाल नाही दिसत."
काढला मी.
"काहून?"
पाहायला, की काय होतं.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "आमचा सोनटक्के एकदा आठ दिवस रजेवर गेला.
बल्लारशाचा खण भरून खाली सांडला.
साहेबाले तवा समजलं
का सोनटक्के म्हणून कोणी आहे."

आणि चश्मा वर करून
त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला,
एकेक ठिपका नीट पाहू लागले.
उजवं मनगट चादरीवर जरासं उचललं गेलं,
डावीकडं वळलं,
आणि तिथंच थांबलं.

मी कूलरात पाणी टाकायला उठले.