नाकाला न कळणारं

पहाटे पाचला, कसबा बावड्याच्या टाकीवर
शटर अर्धं वर करून मी आत शिरते.
काचेच्या नळीत दहा मिली पाणी,
पाच थेंब औषध, अंगठा लावून हलवायचं.
पिवळं पडलं तर पाणी आंबट झालंय,
जांभळट गुलाबीकडं गेलं तर साबणासारखं बुळबुळीत.
मधे एक रंग असतो, पिकल्या पपईच्या गराचा.
तो मिळाला की मी चहा पिते.

पायगोंडामामा नुसत्या नाकानं टाकी चालवायचे,
अठ्ठावीस वर्षं.
मला चावी देताना म्हणाले,
"पोरी, वास मारला की समज, क्लोरीन लई झालं."
मी मान हलवली.
पुढं कळलं, मामांच्या नाकाला अर्धंच कळायचं.
तो वास क्लोरीनचा नव्हेच,
तो आपलाच.
घामाचा,
आणि पोरं जे कधीच कबूल करत नाहीत त्याचा.
क्लोरीन त्यांच्याशी झटापट करतं,
त्या झटापटीचा धूर म्हणजे तो वास.

एप्रिलात शिबिर लागलं. दोनशे दहा पोरं.
इंद्रजित चौगले, वय नऊ, लेन तीन,
काठाला धरून खोकत होता,
डोळे लालबुंद.
शिंत्रे सर शिट्टी दातात धरूनच बोलले,
"मॅडम, वास बंद करा. पालकांचे फोन येतात."
नळी पिवळीधमक. सहा पॉइंट आठ.
महिनाभर टाकलेल्या गोळ्यांनी पाणी आंबवलं होतं.
आंबट पाण्यात क्लोरीनला धार चढते,
जंतू पटापट मरतात,
पण लघवीतल्या युरियाशी गाठ पडली
की एक वायू तयार होतो,
पाण्यात न राहणारा,
पृष्ठभागावर वीतभर उंचीवर तरंगणारा,
नेमका तिथंच
जिथं पोर श्वासाला तोंड वर काढतं.

मी सोडा कालवला. बादलीमागून बादली,
तीन दिवस.
वास गेला. खोकला गेला.
शिंत्रे सरांनी स्वतः वडा आणून दिला, कागदात गुंडाळलेला, गरम.
त्या संध्याकाळी नळी जांभळी होती.
आठ.

पाणी चढलं की क्लोरीन आळसावतं.
मग जास्त टाकावं लागतं,
आणि ते जास्तीचं, गुपचूप बसून,
अंगावरच्या मळाशी, केसांशी, वाऱ्यानं आलेल्या पाल्याशी
दुसरंच काही शिजवत राहतं.
लॅबच्या कागदावर त्याचं नाव आलं,
क्लोरोफॉर्म.
जुन्या सिनेमात खलनायकाच्या रुमालावर असायचं ते.
इथं इतकं थोडं
की कुणी बेशुद्ध पडत नाही,
कुणी शिंकतसुद्धा नाही,
कुणाचा फोन येत नाही.

रजिस्टरला सात रकाने आहेत.
शेवटचा, तक्रार.
तीन दिवस तो कोरा होता
आणि सगळे खूश होते.
मी पेन काढलं.
लिहिलं: पाणी आठ. तक्रार माझी.
खाली सही. तारीख.

मग थोडं थोडं ॲसिड, हातमोजे घालून,
रात्री टाकी रिकामी असताना.
सात पॉइंट आठ. सात पॉइंट पाच. सात पॉइंट दोन.
तिथं वास किंचित परत आला,
म्हणजे शिंत्रे सरांचा चेहराही परत आला.
मी म्हटलं, सर, ह्याच्या पुढं सोडा नाही. आता पोरं धुवायची.
शॉवरचे चार नळ दुरुस्त करून घेतले,
दोन माझ्या पगारातून.

आता इंद्रजित त्या नळाखाली कुडकुडत उभा असतो,
दात वाजवत, मला शिव्या देत असणार मनात.
काल मात्र हळूच जवळ आला,
"मॅडम, कुणी पाण्यात केली
तर पाणी निळं होतंय, खरं व्हय?"

"न्हाई रे," मी म्हटलं,
"काहीच दिसत न्हाई.
म्हणून तर."