दिवसाचे दीडशे

मे महिना, त्रिमूर्तीनगर, पारा सेहेचाळीसच्या आसपास,
आणि मला नऊ दिवस हैदराबादला जायचं होतं
बहिणीच्या गुडघ्यांसाठी.
घरात दरोगा, तेरा वर्षांचा, बहिरा,
सकाळ-संध्याकाळ अर्धी गोळी, पोळीत लपवून.
आणि बुंदी, जी माझी की शेजारच्या छताची
हे अजून ठरलेलं नाही.

आधी चुलतभाऊ आठवला. प्रफुल्ल म्हणाला,
“अगं, त्यात काय एवढं? जनावरंच तर आहेत.”
त्या ‘च’पाशी मी फोन ठेवला.
मनीषनगरात एक ठिकाण पाहून आले.
एसी, कॅमेरे, भिंतीवर पंजांची चित्रं.
काउंटरवरच्या पोरानं लशींचं कार्ड मागितलं, आगाऊ रक्कम मागितली,
नाव विचारलं नाही.
वरच्या मजल्यावरची श्रावस्ती तयार होती, अगदी मनापासून,
बारावी संपलेली, दरोगाच्या गळ्यात हात घालून फोटो.
फोटो झाला, ती गेली,
फाटक उघडंच.
सगळे म्हणत होते, बिनधास्त जा.
बिनधास्त या शब्दानं मला कधी झोप लागलेली नाही.

शालिक हेडाऊ कूलरचं गवत बदलायला आला होता.
जाळी काढण्याआधी त्यानं वाकून खाली पाहिलं.
बुंदी तिथं, ओल्या विटेला पोट लावून.
तो थांबला. फोन नाही, खर्रा नाही,
नुसता उकिडवा बसून राहिला
ती आपण होऊन उठेपर्यंत.
मग दरोगाकडे गेला, वळसा घालून, समोरून,
आणि फरशीवर टाच आपटली, हलकेच, दोनदा.
दरोगानं मान वर केली.
“बहिरा हाये ना हा?”
मी सांगितलं नव्हतं.
डॉक्टरला कळायला दोन भेटी लागल्या होत्या.
तो पैसे घेऊन गेल्यावर दिसलं,
पाण्याचा वाडगा उन्हातून सावलीत आलाय.

दुसऱ्या दिवशी बोलावून विचारलं,
तर लगेच हो म्हणाला नाही.
दुपट्ट्यानं मान पुसली.
“दिवसाचे दीडशे. फुकट नाही करत मी.
फुकटचं काम विसरते माणूस.
कुत्र्याचं पाहून घेईन. मांजरीची ग्यारंटी नाही,
ते काही कोणाच्या बापाचं ऐकत नाही.
अन् ताई, म्हातारा हाये तो. काही झालंच,
तर तुम्हाले तवाच सांगू, का येईपर्यंत थांबू?”

हे कोणी विचारलं नव्हतं.
मी स्वतःलाही नाही.
बराच वेळ कूलरचा पंप तेवढा गुळगुळत राहिला.
“सांगा,” म्हटलं. “रात्र असली तरी.”

चार पानं लिहून ठेवली होती मी, लाल पेनानं रेघा मारून.
“कागद राहू द्या. एकडाव करून दाखवा.”
दाखवलं. गोळी, पोळी, गळा चोळणं.
मग त्यानं केलं, दरोगानं गोळी थुंकली,
त्यानं एक शिवी दिली, प्रेमळ म्हणता येणार नाही अशी,
आणि पुन्हा केलं.

चावी देताना हात रेंगाळला, खोटं कशाला सांगू.
शेजारच्या देवतळे काकू म्हणाल्याच होत्या,
“कूलरवाला? चावी?”
निघताना मी आईच्या कपाटाला कुलूप लावलं.
हेही खरं.

ठरलं होतं, गोळी दिली की आठ वाजता एक मिस्ड कॉल.
गाडीत आठ वाजले. सव्वाआठ झाले.
बल्लारशाला चहावाला आला, गेला,
हातातल्या कपावर साय धरली.
आठ चाळीसला फोन एकदा वाजून थांबला.

उशीर का झाला ते विचारलं नाही.
विचारेन परतल्यावर, पैसे मोजताना.
समोरच्या बर्थवरच्या बाईला मात्र म्हणाले,
“दिली त्यानं.”
“कोणी? काय?”
आणि मी गार चहा एका दमात पिऊन टाकला.