वजाबाकीनंतर

आधी मोठ्या दीर्घिका पुसायच्या.
तेजाची साय अलगद काढून घ्यायची,
थरामागून थर.
खाली राहतं ते करडं कापड
आणि त्यावर सांडलेले ठिपके,
मोहरीएवढेसुद्धा नाहीत.

रात्रीचे अडीच. वारा घुमटाला अंग घासतोय.
वासुकी डोक्यावर आलाय,
शेजारच्या खुर्चीत इग्नासिया
शिळा पाव चहात बुडवून खातेय.
"यातले कुणाचेच नसलेले कुठले?" मी विचारते.
"तसं सांगता येत नाही," ती म्हणते.
यातला एखादा आपल्याच अंगणातला मंद तारा,
एखादी फार मागची दीर्घिका,
एखादा खरोखरच सुटून आलेला तारकागुच्छ.
बोट ठेवून म्हणता येत नाही, की हाच.
रिकाम्या आभाळाचा तेवढाच तुकडा मोजायचा,
इथल्या बेरजेतून वजा करायचा.
जास्तीचं जे उरेल,
ते ते.
नावानिशी नाही. आकड्यापुरते.

मी नुसती दुर्बीण फिरवणारी, रात्रपाळीची.
पण हे गणित मला नवं नाही.

सांता एदुविहेसची खाण बंद पडली
तेव्हा लोकांनी पत्रे नेले, दारं नेली,
रुळांखालची लाकडंसुद्धा उपसून नेली.
चर्चची घंटा कुणी नेली
यावर अजून दोन घरांत बोलणं नाही.
खारवट माती तेवढी कुणी नेली नाही.
नकाशातून गाव गेलं.
मग शिरगणतीवाला आला आंतोफागास्तात,
"मूळ गाव?" त्यानं विचारलं.
दॉन एवारिस्तोनं सांगितलं, रुदेसिंदाआत्यानं सांगितलं,
अकराही घरांनी एकच नाव सांगितलं.
त्याच्या यादीत ते नव्हतं.
त्यानं लिहिलं: इतर.

अकरा खोल्यांची ती रांग
एकाच ट्रकमधून उतरली होती टेकडीवर.
घरं मिळाली विखुरलेली, कुणाला वर, कुणाला नाल्यापाशी.
तरी संध्याकाळी खुर्च्या निघतात त्याच क्रमानं
जशी तिकडे दारं होती.
मधल्या भिंती कधीच पडल्या,
क्रम राहिला.
एवारिस्तो आणि आत्या यांच्यामध्ये
गाल्वारिनोची खुर्ची, सहा वर्षं रिकामी.
कुणी सरकत नाही.

तिकडेही असंच काही झालं असणार.
दोन दीर्घिका अंगाला अंग लावून गेल्या,
एकीनं ओढलं, दुसरीला धरवलं नाही,
आणि लाखभर ताऱ्यांचं एक गाठोडं
गाठ न सुटता निघून आलं.
आता भोवती कुणी नाही.
घिरट्या घालाव्यात असं जवळ काही नाही,
लांबून सगळ्यांचीच थोडीथोडी ओढ.
आतले तारे तांबूस, म्हातारे,
दीर्घिकेला आकार येण्याआधीचे.
तिथं पाळणा हलत नाही.
एकमेकांच्या वजनावर मात्र सगळे धरून आहेत.
हा प्रकाश निघाला तेव्हा
आमची ही पर्वतरांग अजून पुरती उठलीही नव्हती.

शुक्रवारी खाली उतरले. आत्यानं विचारलं,
"वर काय पाहिलंस?"
मी सांगितलं जमेल तसं.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "त्या गाठोड्यात मधोमध बसलं
तर रात्री काय दिसेल?"
"रात्रच व्हायची नाही नीट," मी म्हटलं.
"इतके शेजारी, सगळे दिवे लावून.
आणि त्यांच्या पलीकडे
अगदी काळं."

"काळं म्हणजे किती लांबपर्यंत?"
मी हात पसरले. पुरले नाहीत.
तेवढ्यात वारा फिरला समुद्राकडून,
एवारिस्तोची टोपी उडाली, पोरं धावली,
आत्यानं शाल गळ्याशी ओढून घेतली,
खुर्ची हलवली नाही.