कडेचा टाका

खडकी स्टेशनच्या जिन्यावरून पडले, त्याला आज बावीस दिवस.
उजवं मनगट प्लास्टरमध्ये
आणि सुईवर कॅम्पातल्या फ्लोराबाईंची शाल, निम्मी,
नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी. पांढरी, जाळीची.

"मी करतो," भालचंद्र म्हणाला.
चौतीस वर्षं दारूगोळा कारखान्यात
गेज लावून माल पास-नापास करणारा माणूस.
मी हसले. मग सुया दिल्या.

सांगितलं, दोन सुलट, दोरा पुढे, दोन एकत्र.
दोरा पुढे घेतलास की भोक पडतं,
भोक म्हणजे एक घर वाढलं,
म्हणून शेजारची दोन घरं एक करायची.
"म्हणजे हिशेब जुळतो," तो म्हणाला.
मापात पाडलेलं भोक. हे त्याला आवडलं.

पण हात!
लोकर अशी आवळायचा
जसा स्कूटरला सिलिंडर बांधतोय.
टाके सुईवरून सरकेनात.
आणि कडेला आला की धसका घेतल्यासारखा
शेवटचा टाका ओढून गच्च.
"सुटायला नको," म्हणायचा.
शाल दोन्हीकडून आत वळली, होडीसारखी.

कपाटातून व्हर्निअर काढला. खरंच काढला.
एका इंचात माझे पाच टाके, त्याचे आठ.
"टॉलरन्स किती धरायचा?"
धरायचा नाही रे, सोडायचा.
दोऱ्याचा करंगळीला एक वेढा,
तर्जनीवरून पुढे,
आणि मग विसरून जायचं की तो आपण धरलाय.

आणि कडेचा पहिला टाका विणायचाच नाही.
नुसता उचलायचा, या सुईवरून त्या सुईवर,
झोपलेलं पोर मांडीवरून गादीवर ठेवतात तसा.
भिजली की जाळी दीडपट ताणते,
कडेलाही तेवढं येता आलं पाहिजे,
नाहीतर कितीही टाचण्या लाव,
नक्षी मिटून बसते.

त्याने ऐकलं. मान हलवली. पुन्हा आवळलं.

दुपारी तो पडला की मी डाव्या हाताने
शाल खिडकीत उन्हाला धरते.
ओळी वाचता येतात.
त्याची नववी, दहावी: दगड.
तेव्हा वेदांगचा फोन आला होता,
मेलबर्नला घर घेतलं, सह्यासुद्धा झाल्या.
भालचंद्र "छान, छान" म्हणाला होता,
सुया हातात तशाच.
मग चार ओळी बऱ्या. टीव्हीवर मॅच असावी.
एकोणिसावीत एक टाका निसटून तीन ओळी खाली गेलेला,
तो मला न सांगता सेफ्टी पिनने वर आणलेला,
कळणार नाही इतका नीट.
मला कळलं.
अठ्ठाविसावी मात्र सैल, एकसारखी,
माझ्या हातची वाटावी अशी.
त्या दिवशी काय झालं होतं, आठवून पाहिलं.
बहुतेक काहीच नाही.

आठ दिवस उरले.
चहा झाल्यावर म्हटलं, "उसव. माझ्या ओळींपर्यंत."
वाटलं, भांडेल. मनगटाकडे बोट दाखवेल.
त्याने चष्मा लावला,
माझ्या शेवटच्या ओळीत आधी एक लाल दोरा ओवला,
पुढची घरं पळू नयेत म्हणून.
हे मी शिकवलं नव्हतं.
मग सुई काढली
आणि दोरा ओढला.

जाळी फार पटकन जाते.
अठ्ठाविसावी पहिली गेली.
तट तट तट, नववीपाशी जरा अडून,
तिथे त्याला दोनदा नख लावावं लागलं.

"गुंडाळू कशावर?"
मी प्लास्टरचा हात पुढे केला.

वेढ्यावर वेढा.
लोकर अजून टाक्यांच्या आकारात वाकलेली,
सरळ व्हायला तयार नाही.
"घट्ट होतंय का?" त्याने विचारलं.
प्लास्टरमधून काय कळणार.
"थोडं," मी म्हटलं.
त्याने हात सैल सोडला.