गज्जी

नरसुबाई कोंपेल्ली टेबलावर हात ठेवते
आणि लगेच उचलते.
"ब्रँचमध्ये कळू देऊ नका, ताई.
चेकर हजारातल्या शंभर विड्या तसाही छाटतोय,
त्याला निमित्त नको."

उजव्या हाताच्या बेचक्यात,
विडीला धागा गुंडाळताना जिथं बोट बोटाला घासतं तिथं,
एक राखाडी रेघ, तांदळाच्या दाण्याएवढी, जरा वाकडी.
कुणी शिसपेन्सिलीनं सही करायला घ्यावी
आणि लाइट जावी, तशी.

"खाजतं कधी?"
"दिवसा वेळ कुठंय? रात्री."

मी केसपेपरवर खरूज लिहिते.
ती म्हणते गज्जी. मागच्या बाकावरची बाई कज्जी म्हणते,
तिच्या पलीकडची खुजली.
सोलापुरात कातडीला चार भाषा येतात.
नखांना एकच.

सुईच्या टोकानं रेघेचं बंद टोक उचकते,
तेलाचा थेंब, काचपट्टी, वर पातळ काच.
अकरा वर्षं झाली, तरी भिंगात ती सापडली
की माझा श्वास अडकतो.
कासवासारखी पाठ. आखूड आठ पाय.
डोळे नाहीतच.
नर वर कुठंतरी फिरून मरून गेलेला असतो,
ही एकटी मेलेल्या कातडीच्या थरात बोगदा खणत जाते,
दिवसाला दोन-तीन अंडी मागं ठेवत.
ना सुट्टी, ना हजेरी, ना चेकर.
महिनाभर राबते आणि स्वतःच्याच बोगद्यात संपते.

"दाखवा की," नरसुबाई म्हणते.
एक डोळा मिटून बराच वेळ बघते.
मला वाटलं, किळस येईल.
"एवढीशी? आणि अख्खं घर जागं ठेवती?"
मग हळूच: "बाईच आहे का ही?"
हो म्हटलं.
ती काहीच बोलली नाही.

मग मी माझं पाठ झालेलं म्हणते.
मानेपासून तळपायापर्यंत मलम, नखांच्या खालीसुद्धा,
रात्री लावायचं, सकाळी धुवायचं,
आठवड्यानं पुन्हा.
घरातल्या सगळ्यांनी, एकाच रात्री,
खाजत असो-नसो.
कपडे, चादरी गरम पाण्यात—
इथं बाकावरच्या सगळ्याच हसतात.
विडी घरकुलात नळ पाच दिवसांनी येतो.
घागर प्यायची की चादर धुवायची?

मी गप्प. छापील कागदावर ह्याचं उत्तर नाही.
मग आठवतं, की माणसाच्या अंगाबाहेर
ती दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही.
"पोत्यात भरा सगळं. तोंड घट्ट बांधा.
पाणी येईस्तोवर उघडू नका.
उपाशी मरतील आत."
नरसुबाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हलतं.
पाणी न येण्याचा कुणाला तोटा झाला,
हे ती पहिल्यांदाच ऐकत असावी.

तीन आठवड्यांनी परत आली. पोरी बऱ्या झालेल्या,
तिच्या बेचक्यात नवी रेघ.
"लिंगय्यानं लावलं?"
"तो म्हणला, मला काय झालंय?
रातपाळीला मलम लावून माग चालवू का?
टॉवेलला वास लागंल."
त्याला खरंच काही झालं नव्हतं.
पहिल्या खेपेला अंगाला कळायलाच महिना लागतो.
तोवर माणूस बिनखाजेचा, निवांत,
एका चादरीखाली सगळ्यांना वाटत असतो.

परवा तो स्वतः आला. मान खाली.
मनगट, बेंबी, कंबरपट्टा, सगळीकडं ओरबाडलेलं.
"रात्री माग बंद पडला तर कळंना,
आवाज बंद झाला का मीच खाजवायलोय," म्हणाला.
मलमाच्या चार ट्यूबा लिहून दिल्या.
"मेल्या तरी दोन आठवडे खाजंल.
त्यांची विष्ठा, फुटलेली अंडी आत राहतात.
धीर धरा. नखं कापा."
"मेल्यावर पण?"
"मेल्यावर पण."

पाच वाजता भिंगावर कापड टाकते.
हात कोपरापर्यंत साबणानं दोनदा धुते.
घरी जाताना रिक्षात शेजारची बाई सरकून बसते
आणि माझं मनगट आपोआप खाजायला लागतं.
काही नसतं तिथं.
मी बघते, तरी बघते.