खालून दुसऱ्या फळीवर

डिसेंबरात कात्री घेऊन मी वर गेले,
तर वाइकेबाईंनी दारातूनच परत पाठवलं.
"आत्ता नाही. झोपलीय ती.
झोपलेल्याचे केस कापतेस का तू?"

(कापलेत. इस्पितळात, एकदा.
पण ते बोलले नाही.)

तार्तूत तेव्हा दुपारी साडेतीनलाच अंधारतं,
नदीवर बर्फाची साय धरते,
आणि पाचव्या मजल्यावरची मॉन्स्टेरा
काचेला गाल लावून उभी असते,
अर्धी हिरवी, अर्धी दुधाची.
तिच्या एका पेराला
माझ्या खुर्चीतल्या चाळीस डोक्यांचे पैसे येतील,
असं बाईंचा पुतण्या उर्मास म्हणतो.
बाई त्याला तिच्याजवळ बसू देत नाहीत.

"मग कधी?"
"हिवाळ्यात ऊन आडवं येतं,
पुस्तकांच्या कपाटात वरच्या फळीवर जाऊन बसतं.
सूर्य चढला की ते उतरतं.
खालून दुसऱ्या फळीवर आलं, की ये.
कॅलेंडरचं ऐकू नकोस."

मार्चअखेरीस फोन आला.
एकच शब्द: "उतरलं."

एकोणतीस वर्षं काचघरात छाटणी केलेला उजवा हात
आता त्यांचं ऐकत नाही,
कपातली कॉफीसुद्धा बशीत सांडतो.
म्हणून तळमजल्यावरची मी, मारिका, केशकर्तनकार.
स्वतःची वेणी मात्र त्यांनी
मला कधी शेंड्यालाही लावू दिली नाही.

"पातं स्पिरिटनं पूस. परत पूस.
हातमोजे घाल, चीक खाजतो.
आता बोटानं खोडावर पेर शोध,
जिथून पारंबी सुटलीय ते.
त्याच्या खाली अर्धं बोट सोड.
नुसतं पान कापलंस तर पानच राहील,
त्याचं झाड व्हायचं नाही.
डोळा पेरात असतो."

मी वाकले. खोडावर पट्टे होते,
हिरवा, पांढरा, हिरवा,
मग वर वर जाताना नुसताच पांढरा.
आणि शेंड्याला ते पान:
अख्खं पांढरं, ताटाएवढं,
त्यातून पलीकडची चिमणी, चिमणीचा धूर
धूसर दिसत होता.
एवढं सुंदर काही या इमारतीत
मी पाहिलं नव्हतं.

"ते पहिलं," बाई म्हणाल्या.

"हे?"

"हेच. त्याच्यात हिरवं कुठंय?
ते कमवत नाही. बाकीची पानं त्याला पोसतात.
आणखी दोन अशी आली की
सगळं झाड उपाशी बसेल,
आणि लोक फोटो काढत राहतील.
जिथं दोन्ही रंग आहेत तिथवर मागे ये."

केस कापताना मी बेफिकीर असते;
चुकलं तर सहा आठवड्यांत चूक वाढून जाते.
इथं माझा श्वास अडकला.
बाईंचा थरथरता हात माझ्या कोपराखाली आला.
आधाराला की घाई करायला,
कळलं नाही.

कच्च.

आवाज काकडी मोडल्यासारखा.
पाण्यासारखा एक थेंब आला, थांबला.
"दालचिनी," त्या म्हणाल्या,
आणि मी सफरचंदाच्या केकवर भुरभुरवतात तशी
जखमेवर भुरभुरवली.
मग त्याखालचं, दोन रंगांचं एक पेर
त्यांनी मला कापून घ्यायला लावलं.
"मजुरी," म्हणाल्या. "उर्मासला सांगू नकोस."

पांढरं पान सिरक्याच्या बाटलीत ठेवलं.
ते तीन आठवडे टिकलं,
कडेनं तपकिरी होत, न बोलता.
बाईंनी ते फेकलं नाही. मीही विचारलं नाही.

वरच्या थोटकावर आता
तांदळाच्या दाण्याएवढा डोळा फुगलाय.
रविवारी मला भिंग देऊन विचारतात,
"पट्टा दिसतो का? हिरवा दिसतो का?"
मला दिसत नाही. "दिसतोसा वाटतो," म्हणते.
"वाटतो म्हणजे?" त्या चिडतात.

माझा तुकडा दुकानात आहे,
कंगव्यांच्या पेल्याशेजारी, पाण्यात.
अजून काहीच नाही.
गिऱ्हाईकं आरशातून विचारतात, हे काय?
काठी, मी सांगते,
आणि शनिवारी पाणी बदलते.